मोरांचे पंख आणि मुरगूडची गाडी

नोकरी सोडली तेव्हा मी घरात सांगून टाकलं होतं की आता मला काही नको. बरीच वर्षं एका खासगी शाळेत शिकवलं. सकाळची धावपळ, डबे, पेपर तपासणं, पालकसभा, गॅदरिंग. मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि मला वाटलं, आता बास. सकाळी रंकाळ्यावर फेरी मारायची, दुपारी पुस्तक घेऊन आडवं व्हायचं, संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालायचं. एवढंच आयुष्य हवं होतं.

ते जेमतेम पावसाळा संपेपर्यंत टिकलं. उशांचे अभ्रे शिवायचे म्हणून माळ्यावरचं मशीन खाली काढलं आणि ते परत वर गेलंच नाही. अभ्र्यांनंतर पडदे झाले, पडद्यांनंतर शेजारणीच्या नातीचा फ्रॉक. इचलकरंजीला एका लग्नाला गेले होते, तर येताना सुती कापडाची पिशवी भरून आणली. त्याचं काय करायचं हे ठरलेलंही नव्हतं. कुणी काही मागितलं की मी हो म्हणायचे, आणि हो म्हटल्यावर दोन मिनिटं फार बरं वाटायचं.

बघता बघता घरात सगळीकडे अर्धवट शिवलेल्या वस्तू झाल्या. फ्रॉक होता, त्याला बाह्या नव्हत्या. झबलं होतं, पण ते ज्या बाळासाठी होतं ते आता चालायला लागलं होतं. जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग कापडानं अडवलेला असायचा आणि आम्ही दोघं उरलेल्या अर्ध्यावर ताटं टेकवून जेवायचो. नवऱ्याच्या पायात एकदा टाचणी गेली. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून एक मोठं लोहचुंबक घेऊन आला आणि रोज ऑफिसातून आल्यावर ते जमिनीवरून फिरवायला लागला, केर काढावा तसं. मला त्याचा राग यायचा. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

अशात वन्सं आल्या. नवऱ्याची थोरली बहीण, मुरगूडची. घरची शेती, गोठ्यात म्हशी, लग्न झाल्यापासून पहाटे धारा काढायला उठणारी बाई. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर धूळ, धूर, वाकणं, ओझं उचलणं सगळं बंद केलं. गावाकडं हे पाळणं शक्य नव्हतं, म्हणून त्या आमच्याकडं राहिल्या.

नेमकं त्याच वेळी मी माझ्या जुन्या शाळेच्या गॅदरिंगचे कपडे शिवायला घेतले होते. ज्या गॅदरिंगला कंटाळून मी शाळा सोडली, त्याच गॅदरिंगचे. बालवाडीतल्या मुलांचा मोरांचा नाच होता. निळ्या-हिरव्या सॅटिनचे पंख, त्यावर चमकीचे डोळे. सॅटिन हातातून सटकायचं, चमकी सुईला अडकायची.

वन्सं काळा चष्मा लावून माझ्या समोरच्या खुर्चीत बसायच्या. टीव्ही बघायचा नव्हता, चूल नव्हती, म्हशी नव्हत्या. त्या गावाकडचं काहीबाही सांगायच्या आणि मी मशीन चालवत हुंकार भरायचे. मशीन जोरात चाललं की त्या थांबायच्या आणि मशीन थांबलं की पुन्हा बोलायला लागायच्या. मग उठून स्वयंपाकघरात जायच्या, डबे इकडचे तिकडे करायच्या, परत येऊन बसायच्या. पुन्हा उठून गॅलरीत. मला वाटायचं, ह्यांनी एका जागी बसावं म्हणजे मलाही सुचेल. त्यांना माझ्याबद्दल काय वाटत होतं ते मी विचारलं नाही.

एका सकाळी, नवरा ऑफिसला गेल्यावर, मी पंखांना अस्तर लावत होते. दुसऱ्या दिवशी शाळेचा माणूस कपडे न्यायला येणार होता. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की घरात फक्त मशीनचा आवाज आहे. हाक मारली. गॅलरी बघितली, न्हाणीघर बघितलं. दाराजवळ वन्संच्या चपला नव्हत्या आणि खुंटीवरची त्यांची कापडी पिशवीही नव्हती.

खाली वॉचमन म्हणाला, त्या काळ्या चष्म्याच्या मावशी ना, रिक्षा करून गेल्या, स्टँडला जायचं म्हणत होत्या. नवऱ्याला फोन केला तर तो मीटिंगमध्ये होता, उचलला नाही. मी तशीच निघाले. रिक्षात बसल्यावर दिसलं की गळ्यात टेप तसाच आहे आणि साडीला चमकीचे तुकडे चिकटलेत.

स्टँडवर वन्सं सापडायला वेळ लागला नाही. फलाटावरच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन, ताठ बसल्या होत्या. समोरून जाणाऱ्या एका माणसाला विचारत होत्या, "पावणं, मुरगूडची हाय काय ही?" तो म्हणाला, ही गारगोटीची, मुरगूडची मगाशीच गेली, आता पुढची येईल. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी मान वळवून बघितलं आणि जराही न दचकता म्हणाल्या, "आलीस व्हय."

मला ओरडायचं होतं. डोळ्यात धूळ गेली असती तर, पाटी वाचता येत नाही, भलत्याच गाडीत चढला असता तर. हे सगळं मी बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, म्हैस व्यायला आलीया, सुनेला एकटीला उरकायचं न्हाय. मी म्हटलं, चला घरी, तिथून फोन करू. त्या उठल्या नाहीत. मी पण त्यांना ओढून नेऊ शकत नव्हते, म्हणून बसून राहिले.

घरी मोरांचे पंख तसेच पडले होते. मी हातातल्या टेपची गुंडाळी करायचे, सोडायचे, परत करायचे. मुरगूडची गाडी आली. मी म्हटलं, वन्सं, आली तुमची गाडी. त्या बसूनच राहिल्या. माणसं चढली, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. मला काही कळेना. मग आणखी एक आली आणि तीही गेली.

"म्हस कवाच व्याली," त्या म्हणाल्या. "सुनंचा फोन आलता परवा. रेडी झालीया."

मग इथं कशाला आलात, असं मी विचारलं.

त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तिकडं सगळं उरकतंय की गं, माझ्याबिगर. धारा निघत्यात, दूध डेरीला जातंय. घरात बसलो की हेच डोक्यात येतंय. हितं निदान गाड्या तरी जात्यात-येत्यात."

त्या माझ्याकडं बघत होत्या की गाड्यांकडं, हे चष्म्यामुळं कळत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुझं त्ये कापडाचं. न्हाई केलंस तर काय हुतंय?"

मी म्हटलं, मुलांचा नाच आहे, उद्या न्यायला येणार आहेत, माझ्यावर अवलंबून आहेत सगळे.

"फोन करून बघ," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असावं.

मी तिथूनच फोन केला. सांगितलं की घरात अडचण आहे, अर्धेच पंख होतील. मला वाटलं होतं, पलीकडून विनवण्या होतील, मुलं हिरमुसतील असं काहीतरी ऐकायला मिळेल. शाळेतली बाई म्हणाली, "काही हरकत नाही मॅडम, बाकीचे भाड्यानं आणतो. लक्ष्मीपुरीत मिळतात तयार." आणि फोन ठेवला. एवढ्यावरच संपलं.

मी फोन हातात धरून बसले. वन्संनी विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल, च्या पिऊ." स्टँडच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला, एक भजीची प्लेट घेतली, आणि दुपार कलेपर्यंत कुणाचंच काही न बिघडवता तिथं बसून राहिलो. मला रडू आलं होतं, पण कशाचं ते धड कळत नव्हतं.

त्यानंतर महिना पुरा होईपर्यंत वन्सं आमच्याकडंच राहिल्या. मी दुपारी मशीन बंद ठेवायला लागले. पहिले काही दिवस फार जड गेले. हात रिकामे असले की मी पदराच्या दशा ओढत बसायचे. दोघी गॅलरीत बसून रस्ता बघायचो, मधेच एकदम उठायचो, आत एक चक्कर मारून परत यायचो. वन्सं बोलायच्या आणि आता मला ऐकू यायचं, सुनेचं, जावेचं, त्यांच्या तरुणपणी मरून गेलेल्या एका मैत्रिणीचं. अर्धवट कपड्यांपैकी जे पुरं होण्यासारखं होतं ते केलं, बाकीचं गडमुडशिंगीहून आमच्याकडं कामाला येणारी बाई घेऊन गेली. मशीन मी माळ्यावर टाकलं नाही. एक वस्तू पुरी झाल्याशिवाय दुसरी कापायची नाही, एवढं ठरवलं. ते बऱ्यापैकी पाळते. नाही म्हणायला अजून जमत नाही. विचार करून सांगते म्हणते, आणि मग तोच विचार दिवसभर पोखरत राहतो. काम कमी झालं. आतली वळवळ तेवढी कमी झाली, असं मला म्हणता येणार नाही.

उन्हाळ्यात आम्ही मुरगूडला गेलो. वन्संचा चष्मा गेला होता, नजर स्वच्छ झाली होती, आणि त्यांना माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. "बस, आलोच," म्हणून गोठ्याकडं गेल्या त्या गेल्याच. मी अंगणात बाजेवर बसले. समोर रेडी बांधली होती, सून ज्वारी पाखडत होती, ती म्हणाली, तुम्ही बसा हो मामी, पावणं आहात. मी बसले. किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग वन्सं शेणानं भरलेले हात घेऊन कोपऱ्यावरून आल्या, मला बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "कटाळलीस व्हय?"

मी हो म्हटलं.

"मग ऊठ. वैरण टाकू लाग."

मी पदर खोचून उठले.