नॅपकिनच्या पिंजऱ्याला हात लावायचा नाही!

आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस चहा पितो आणि जाताना एक किस्सा टाकून जातो. मी ते साठवून ठेवते, राग आला की काढायला. आता इतके साचलेत की एकदाचे सांगूनच टाकते. हसायचं तर खुशाल हसा, मला मात्र अजून हसू येत नाही!

किस्से आमच्या नॅपकिनचे. नॅपकिन म्हणजे चिंचिला. सशाहून लहान, उंदराहून बराच मोठा, गोल कान, झुपकेदार शेपूट, आणि अंगावर इतकी दाट राखाडी लव की आमच्या सोलापुरी टॉवेलनं लाजावं. म्हणून आमच्या लेकीनं, सायलीनं, हे नाव ठेवलं. आणलाही तिनंच, पुण्याला शिकत असताना. मग तिला बंगळुरात नोकरी लागली आणि तिथल्या घरमालकाला प्राणी चालेना. "आई, आठ दिवस सांभाळ गं." त्या आठ दिवसांना आता तिसरं वर्ष लागलंय!

*

एक दिवस नॅपकिननं वरच्या फळीवरून खालच्या फळीवर उडी मारली आणि फळी चुकली. धाडकन खाली! उचलून बघते तर दोन्ही डोळ्यांत दुधासारखा पडदा. तशीच टोपलीत घालून जवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडे पळाले. रांगेत एक म्हैस, दोन शेळ्या आणि मी.

डॉक्टरांनी टोपलीत डोकावून विचारलं, "मॅडम, हा ससा आहे की उंदीर?"

"अहो, डॉक्टर तुम्ही आहात!"

"म्हणूनच विचारतोय. उंदीर असेल तर औषध वेगळं असतं."

टोपली उचलली आणि निघाले!

दुसरीकडे एक डॉक्टरीणबाई भेटल्या, माणसात असलेल्या. त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. आता फारसं दिसणार नाही. पण लाईट गेल्यावर आपण आपल्या घरात चाचपत बरोबर मेणबत्तीपाशी जातो ना, तसा हा पिंजऱ्यात फिरेल. फळ्या खाली घ्या, लांब उड्या बंद करा, आणि एकदा ठेवलेली वस्तू हलवू नका."

एवढंच. एका ओळीचं काम. पण लोक करू देतील तर ना!

*

फळ्या खाली घ्यायला सुतार बोलावला. दहा वेळा बजावलं, नुसतं साधं लाकूड, रंग नको, पॉलिश नको, हा सगळं कुरतडतो. उड्या माराव्या लागू नयेत म्हणून एक उतरती फळी, आणि पाय घसरू नये म्हणून तिच्यावर आडव्या पट्ट्या. "कळलं की ताई," म्हणाला.

संध्याकाळी येऊन बघते तर सगळ्या फळ्यांना चकचकीत सनमायका. वर गुलाबी फुलं!

"अहो, हे काय?"

"फिनिशिंग, ताई."

"त्याला दिसत नाही आणि फुलं कुणासाठी? घसरून पडेल तो!"

सुतार जराही हलला नाही. "त्याची कायबी तक्रार न्हाय, ताई. तक्रार तुमचीच हाय."

*

सनमायका उपटून साधं लाकूड बसवतोय, तोवर आमच्या वैरागच्या नणंदबाई चार दिवस राहायला आल्या. मी ऑफिसला. घरी आले तर पिंजरा घासूनपुसून लख्ख आणि आतलं सगळं इकडचं तिकडे. खाण्याचं भांडं मागे, झोपायची पेटी पुढे, पाण्याची बाटली डावीकडची उजवीकडे.

"वहिनी, पाणी ईशान्येला पाहिजे. तुमच्या घरात सारख्या कटकटी होतात त्या ह्याच्यामुळेच."

आणि नॅपकिन? तो बाटलीच्या जुन्या जागी उभा राहून रिकामा गज चाटत होता. कधीपासून, कोण जाणे. पुढचे दोन पाय गजावर आणि इवलीशी जीभ आत-बाहेर, आत-बाहेर.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडातून जे आलं ते इथं सांगत नाही. बाटली होती तिथं लावली, तेव्हा मान वर न करता कितीतरी वेळ पीत राहिला बिचारा.

नणंदबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "बघा, झाली की नाही कटकट? मी सांगितलंच होतं!"

*

माझा थोरला भाऊ, आप्पा, सांगोल्याकडे असतो. मेंढरं आहेत त्याची. एकदा दवाखान्याच्या कामाला आला आणि मुक्कामी राहिला. मी त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं की नॅपकिन हल्ली चावतो, हात घातला की डसतोच.

आप्पा पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसला. तासभर त्याचं चालणं-खाणं बघितलं. मग म्हणाला, "तू मुकाट्यानं हात घालतीस व्हय?"

"मग काय वाजतगाजत घालू?"

"त्याला दिसत न्हाय. हात हाय का मांजर हाय, त्याला कसं कळावं? आमची एक म्हातारी मेंढी आंधळी हाय. आदी हाक मारायची, मग हात लावायचा. लई गरीब हाय ती."

झालं! तेव्हापासून घरात नियम, आधी सांगायचं, मग हात घालायचा. चावणं आठवड्यात थांबलं. पण आमच्या सायलीचे पप्पा! तीस वर्षांची कारकुनी, ती जाणार कुठे? पिंजऱ्यासमोर ताठ उभे राहून म्हणतात, "मी पाणी बदलण्यासाठी उजवा हात आत घालत आहे."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. मला कधी सांगून घराबाहेर पडले नाहीत हो!

*

हा किस्सा सांगावा की नाही, कळत नाही. पण सांगते.

चिंचिला थंड डोंगरातला प्राणी. त्याला सोलापूरचा मे महिना म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून एसी त्याच्या खोलीत आणि आम्ही दोघं हॉलमध्ये कूलरपुढे. एका दुपारी वीज गेली. मी तक्रारीला फोन लावला आणि सांगितलं, "घरात पेशंट आहे. डोळ्यांनी दिसत नाही, उकाडा अजिबात सोसत नाही. लवकर या."

अर्ध्या तासात माणूस हजर. रणरणत्या उन्हात खांबावर चढला, वायर जोडली, घाम पुसत आत आला. "आजोबा कुटं हायती?"

मी नेऊन दाखवला. एसीत, गार फरशीच्या तुकड्यावर पसरला होता. त्या माणसानं वाकून बघितलं.

"ह्यो पेशंट?"

"हो."

"माझ्या घरी सकाळधरनं लाईट न्हाय, मॅडम. आई अंथरुणाला हाय. तिला म्हणलं, पेशंट हाय म्हणत्यात, आदी तितं जाऊन येतो."

त्या दिवशी पहिल्यांदा मला माझाच राग आला. सायलीच्या पप्पांनी फ्रीजमधला होता नव्हता तो बर्फ डब्यात भरला आणि त्या माणसाच्या गाडीवर मागे बसून निघून गेले. मला न सांगताच.

*

कसल्याशा सर्व्हेला एक मॅडम आल्या. हातात टॅब. "घरात कुणी दिव्यांग?"

सायलीचे पप्पा पटकन म्हणाले, "एक आहे. दृष्टी नाही." गंमत करत होते, पण मॅडमना गमतीला वेळ नव्हता.

"प्रमाणपत्र?"

"नाही."

"मग दिसतं असं लिहिते," म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या!

*

आणि आता सायली.

दिवाळीला आली ती मैत्रिणीच्या गाडीतून, भलामोठा तीनमजली पिंजरा घेऊन. शिड्या, बोगदे, झोपाळा! "आई, किती लहान जागेत ठेवलंयस गं त्याला! तुरुंग आहे नुसता. नवीन घर घेतलंय मी, आता तिकडे नेते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण म्हटलं, तिचा आहे, नेऊ दे. स्वयंपाकघरात जाऊन भाकऱ्या थापत बसले. जरा जोरातच थापल्या.

तिनं त्याला नव्या पिंजऱ्यात सोडला. तो एका कोपऱ्यात पाठ टेकवून बसला. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ झाली. खाल्लं नाही, प्यायला नाही, जागचा हलला नाही. सायली बाहेरून हाका मारत होती, "नॅपी, नॅपी," आणि तो प्रत्येक हाकेला आणखी आक्रसत होता.

दिवे लागायच्या सुमाराला तीच उठली. त्याला उचलून जुन्या पिंजऱ्यात ठेवलं. नॅपकिननं मिश्या हलवल्या, उतरत्या फळीवरून तुरुतुरु वर गेला, वळला आणि थेट बाटलीला तोंड लावलं.

मोठा पिंजरा सायलीनं एकटीनं सुटा केला, पुन्हा गाडीत भरला आणि रिकामाच घेऊन गेली. जाताना माझ्याशी धड बोललीसुद्धा नाही.

रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. "आई, फोन त्याच्यासमोर धर ना."

मी चिडलेच. "अगं, त्याला दिसत नाही! किती वेळा सांगू?"

"मला दिसतं ना!"

धरला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नॅपकिन आपला गवत चावतोय. माझा दंड भरून आला, हात थरथरायला लागला, आणि फोनमधून बाईसाहेबांचा आवाज, "आई, हलवू नकोस गं! मला नीट दिसेना झालंय."