साडूने निवडलेला डेटाबेस

समोरच्या दारातले भाऊजी कंपनीची माहिती चोरताना सापडले, अशी बातमी आमच्या जिन्यात फिरली. फिरवणारी मीच, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या बायकोने मला बसवून खरं काय ते सांगितलं आणि माझी पंचाईत झाली. चोरी करण्याइतकी धमक असती, तर हा माणूस साडूच्या हाताखाली राबला असता का?

साडू कंपनीचा मालक, वयाने बारा वर्षांनी लहान. भाऊजी प्रोग्रामर, नोकरी मेहुणीने चिकटवून दिलेली. डोळ्यांच्या दवाखान्याला वेबसाइट हवी होती, पेशंटने घरबसल्या ऑपरेशनची वेळ घ्यावी म्हणून. नोंदी कुठल्या डेटाबेसमध्ये ठेवायच्या, यावर बैठक बसली.

"जुनाच घेऊ," भाऊजी म्हणाले. "एकाची नोंद पक्की होईपर्यंत तो दुसऱ्याला थांबवतो."

साडूला नवा हवा होता. तो नोंदींच्या तीन प्रती ठेवतो, सगळ्यांना झटपट 'वेळ मिळाली' सांगतो आणि प्रती मागाहून जुळवत बसतो.

"साडूभाऊ, तुमचा डेटाबेस अगदी तुमच्यासारखा हो! भरवशाचा, पण ढकलल्याशिवाय हलत नाही," साडू म्हणाला.

ऑफिसातली पोरं खिदळली. भाऊजीही हसले, बिचारे.

नवाच लागला. तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशनच्या एकाच टेबलासाठी दोन म्हाताऱ्या उपाशीपोटी हजर, दोघींच्या फोनवर तीच वेळ. एकीला परत पाठवलं. डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं धड दिसेना; पायरी चुकली आणि मनगट मोडलं. दवाखाना खवळला. साडूने त्याच दुपारी भाऊजींना घरी बसवलं; ते भरदुपारी घरी दिसले आणि मी चोरीची बातमी सोडली.

रविवारी तो कागद घेऊन आला. मी वाटी परत करायला गेले होते, ती दारातच रेंगाळले.

"'डेटाबेसची निवड माझी, चूक माझी', एवढंच तुमच्या नावाने लिहिलंय," साडू म्हणाला. "सही करा आणि उद्यापासून कामावर या. दवाखान्याला कुणाचं तरी नाव दाखवायला हवं ना?"

"करून टाका ना अहो," बायको म्हणाली. "एका सहीने काय झिजणार आहात? बावन्नाव्या वर्षी तुम्हाला दुसरं कोण घेणारेय?"

भाऊजींनी पेनाचं टोपण काढलं. मी तर जिन्यात सांगायची बातमी मनात जुळवूनही ठेवली. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि टोपण परत लावलं.

"नोकरी तुम्ही दिलीत, साडू हिच्या माहेराने दिला. सही तेवढी माझी स्वतःची आहे. ती मिळणार नाही."