अक्कांनी नवरा पुसला

कोप्पीकर रोडवरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. माणसांशी त्या मराठीत बोलतात, कॉम्प्युटरशी मात्र कन्नडमध्ये. प्रोग्रॅम अडला की "एनातो निनग?" म्हणजे "काय झालं रे तुला?" असं पडद्याला विचारतात, आजारी वासराला विचारावं तसं.

मध्यंतरी मी रक्तदात्यांच्या नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहीत होतो. लिस्ट घेतली तर दरवेळी पहिल्यापासून शोधत जावं लागतं, म्हणून मी डिक्शनरी घेतली. तिच्यात एका नावाखाली एक नोंद राहते; नाव दिलं की माणूस समोर! अक्कांनी मान वाकडी केली.

"एकाच नावाचे दोघं आले तर रे?"

"क्वचितच येतील, अक्का."

त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि आपल्या यजमानांची नोंद भरली, पाठोपाठ चुलतदिरांची. आजोबांचं नाव दोघांनाही ठेवलेलं, आडनावही एकच. मग त्यांनी ते नाव शोधलं. पडद्यावर फक्त चुलतदीर आले. दुसऱ्या नोंदीनं पहिली पुसून टाकली होती.

"बघ, आमचे हे गेले की!" अक्का खो खो हसत सुटल्या. "ओ निगेटिव्ह आहेत ते. कुणाला नेमकं त्यांचंच रक्त लागलं असतं, तर?"

मी प्रत्येक दात्याला वेगळा नंबर दिला आणि नोंदी नावाऐवजी नंबरावर ठेवल्या. आता दोघंही आपापल्या जागी राहिले. अक्कांचं हसू थांबलं नव्हतं, पण तेवढ्यात त्यांनी फोन लावला.

"अहो, कुठं आहात?... काही नाही हो. आवाज ऐकावासा वाटला."