गादीवर कोण आहे?

हाताचा तळवा गादीच्या बरोबर मधोमध ठेवायचा, डोळे मिटायचे, हलकेच दाबायचे आणि विचारायचे, "गादीवर कोण आहे?"

चाचांचा हा प्रश्न ज्याने ऐकला नाही, तो एक तर नारायण पेठेतला नसेल किंवा त्याने सगळा जन्म फोमवर काढला असेल. आमच्या इमारतीच्या खालच्या अरुंद गाळ्यात त्यांचे गाद्या भरायचे दुकान होते. आता तिथे मोबाइलची कव्हरे मिळतात. तुमच्याही गल्लीत असा कुणी होता का, आठवून बघा. असेल तर त्याचा गाळाही आता कव्हरवाल्याकडेच असेल.

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा लोणी काळभोरच्या कॉलेजात नुकतीच इतिहास शिकवायला लागले होते. सकाळपासून वर्गात गादी, गादी करून घसा बसला होता. अमक्याला गादी मिळाली, तमक्याने ती बळकावली, पुतण्याने काकाला गादीवरून खाली खेचले. घरी येऊन माझी जुनी गादी चाचांपुढे टाकली, तर हे डोळे मिटून विचारतात, गादीवर कोण आहे!

मी म्हणाले, "सध्या मोकळी आहे. वारसांचा वाद चालू आहे."

त्यांनी एक डोळा उघडला. "बाई, तुम्हीच झोपता ना हिच्यावर?"

"हो."

"मग वाद कसला? डाव्या कुशीवर झोपता. त्या बाजूचा कापूस पार बसलाय."

तेव्हापासून आमचे जमले. माणूस बुटका, आवाज मात्र खणखणीत. भुवया पिकल्या होत्या की त्यांच्यात कापूस अडकला होता, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. घराणे पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातले. किती पिढ्या, असे विचारले की म्हणायचे, "ते तुम्ही सांगा. राजे मोजायचं काम तुमचं, आम्ही कापूस बघतो."

दुकानात चाची असायच्या. चाचा कापूस पिंजून खोळीत भरायचे आणि चाची दाभण घेऊन टाके घालायच्या. त्या फार बोलत नसत, पण बोलल्या की समोरचा गप्प व्हायचा. एकदा पलीकडच्या गल्लीतले एक काका तक्रार घेऊन आले, गादी कडक झाली म्हणून. चाचींनी मान वर न करता सांगितले, "आठवडाभर जमिनीवर झोपा, मग मऊ लागेल." काका गादी घेऊन गेले ते परत आले नाहीत. चाचा मला हळूच म्हणाले, "बघा बाई, दुकान माझ्या नावावर आहे, पण गादीवर कोण आहे?"

गादी हा शब्द आम्हा दोघांच्या पोटापाण्याचा, त्यामुळे आमची चर्चा नेहमी त्याच्याभोवतीच फिरायची. मी वर्गातले सांगायचे. राजाला राजा म्हणत नसत, गादी म्हणत. गादीचा हुकूम, गादीचा मान, गादीशी इमान. मुजरा करायचा तो गादीला, मग वर पोर बसलेले असो की म्हातारा. मठाची गादी असते, व्यापाऱ्याच्या पेढीची असते, पैलवान तर तिच्यावरच एकमेकांना चीत करतात. चाचा मन लावून ऐकायचे. आता सगळे मॅट्रेस म्हणतात. म्हणोत बापडे. मॅट्रेसला कुणी मुजरा केल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

एक दिवस त्यांनी भलतेच विचारले. "बाई, राजा मेला की गादीचं काय करत असतील?"

मी सुरू झाले. थोरला मुलगा, नसल्यास दत्तक...

"तसं नाही हो. खरी गादी. कापसाची. ज्याच्यावर तो बसायचा ती. पुढचा तिच्यावरच बसायचा, की नवी भरायचे?"

हे मला कुठल्या पुस्तकात सापडले नव्हते. मी तसे सांगितले. चाचा म्हणाले, "आमच्या दुकानात तरी एक रीत आहे," आणि त्यांनी वर बोट केले.

वर छोटा पोटमाळा होता. तिथे कापसाची गाठोडी असत. गिऱ्हाइकांच्या जुन्या गाद्या उसवून काढलेला कापूस चौकडीच्या कापडात बांधलेला, तो खालच्या बाजूला. पण घरात कुणी गेले, आणि त्या माणसाची गादी चाचांकडे आली, तर तो कापूस पांढऱ्या कापडात बांधून आत ठेवायचा. तो पुन्हा पिंजायचा तो फक्त त्याच घरासाठी. दुसऱ्या कुणाच्या गादीत त्यातले बोंडभरही जाता कामा नये. "माणूस आयुष्यभर त्याच्यावर झोपतो, बाई," ते म्हणाले, "आजारी पडतो, रडतो, कुणाला सांगत नाही ते कापसाला माहीत असतं. ते दुसऱ्याच्या अंगाखाली कसं घालायचं?"

मग चाची गेल्या. दुखणे लांबले आणि त्या सगळ्या दिवसांत त्या स्वतःच्याच गादीवर होत्या. चाळिसावा दिवस झाल्यावर चाचांनी ती गादी एकट्याने उसवली. लग्नात आली होती ती गादी. चाचा दर दोन-चार वर्षांनी ती मशीनला न लावता भिंतीवरची जुनी, धनुष्यासारखी पिंजण काढून हाताने पिंजायचे. त्यांनी तो कापूस पांढऱ्या कापडात बांधून वर ठेवला. थोडे सावरलो की आपल्यासाठी त्याची गादी भरायची, असे ठरवले होते. महिने गेले. सावरणे काही होईना.

त्या पावसाळ्यात पोटमाळा गळला. सगळी गाठोडी खाली काढून, सोडून, वाळवून पुन्हा बांधावी लागली. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बाहेर अंधारून आलेले, आणि टाके घालणारी, हे इकडे ठेवा ते तिकडे ठेवा म्हणणारी बाई घरात नाही. मागोमाग लग्नसराई आली. चाचांनी रांगेने गाद्या भरल्या. त्या उरकल्यावर एका दुपारी त्यांनी पांढरे गाठोडे खाली घेतले, गाठ सोडली, हात घातला आणि हात तसाच राहिला. आतला कापूस चाचींचा नव्हता.

हे मला नंतर कळले. आधी गल्लीला एवढेच दिसले की चाचा घरोघरी फिरू लागले आहेत. "गादी नीट बसली का, बघून जातो." कुणाच्याही दारात उभे. आत गेले की तळवा मधोमध, डोळे बंद. "गादीवर कोण आहे?" पूर्वी हे विचारताना आवाजात मिश्कीलपणा असायचा. आता उत्तराची वाट न बघताच ते मान हलवून निघायचे. लोक म्हणाले, बायको गेल्यावर म्हाताऱ्याचे डोके फिरले. पुण्यात अशी निदाने फुकट आणि ताबडतोब होतात.

ते माझ्याकडेही आले. माझीही गादी त्याच हंगामात भरली होती. त्यांनी हात ठेवला, आणि बराच वेळ ठेवला. "ही नाही," ते म्हणाले आणि तिथेच पलंगाच्या कडेला बसले. मी पाणी दिले. तेव्हा त्यांनी सगळे सांगितले.

मी म्हणाले, "मग सरळ सांगा ना लोकांना. शोधून देतील."

"काय सांगू? तुमच्या गादीत मेलेल्या बाईचा कापूस आहे?" त्यांनी पेला खाली ठेवला. "तासाभरात गादी नदीवर टाकतील, बाई. नाहीतर कचऱ्याच्या गाडीत. मग ती मला कुठे मिळणार?"

खरे सांगायचे तर ते गेल्यावर मला माझ्याच गादीवर बसवेना. ही नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले होते, तरीही. मी शास्त्र मानणारी बाई आहे, भुताखेतांना आमच्या घरात थारा नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस पाठ टेकताना वाटायचे की खाली कुणीतरी आधीच आडवे झाले आहे, आणि आपण जरा सरकून झोपावे. मी सरकून झोपायचे.

चाचांनी एक बेत केला होता. उत्तम नव्या कापसाची एक गादी भरून तयार ठेवली होती. चाचींची गादी सापडली की गिऱ्हाइकाला म्हणायचे, तुमच्या गादीत कापूस कमी पडला, माझी चूक, ही नवी घ्या आणि ती द्या. कुणाला शंकाही आली नसती. ते एकेक घर संपवत होते आणि नवी गादी दुकानात उभी होती.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर नवीन लग्न झालेले जोडपे राहायचे. ती खराडीला नोकरीला. सासूबाईंनी जुनी गादी त्यांच्यासाठी नव्याने भरून घेतली होती. तिथे जायला चाचांना उशीर झाला, कारण जिने चढवत नव्हते. शेवटी एका रविवारी मीच त्यांना हाताला धरून वर नेले.

मुलगी मोकळी, हसरी. "चाचा, ही गादी एकदम बेस्ट झालीये. ऑफिसातून आले ना की पाठ टेकताच झोप. माझी आईकडची झोप परत आली, खरंच."

चाचांनी तळवा ठेवला. दाबला. आणि चटका बसावा तसा उचलला. पुन्हा ठेवला, या वेळी अगदी हळू, आणि बोटे पसरली. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण पापण्यांखालून पाणी येत होते. मी मुलीला काही दिसू नये म्हणून मध्ये उभी राहिले.

"गादीवर कोण आहे?" त्यांनी विचारले. सवयीने असेल, किंवा चाचींनाच विचारले असेल.

ती लाजली. "सध्या आम्ही दोघं. दिवाळीनंतर तिसरा. या आठवड्यापासून डॉक्टरांनी सुट्टी घेऊन आडवं राहायला सांगितलंय, त्यामुळे बहुतेक वेळ मी इथेच. का हो, काही कमी-जास्त आहे का?"

बेताप्रमाणे बोलायची हीच वेळ होती. नवी गादी खाली तयार होती. मी चाचांकडे बघत होते. त्यांनी हात काढला, चादरीची सुरकुती सारखी केली.

"काही कमी नाही," ते म्हणाले. "छान बसलीये. उन्हात घालत जा मधून मधून."

जिन्यात ते दोन पायऱ्या उतरले आणि तिसरीवर बसून रडले. लहान मुलासारखे, आवाज करून. मी शेजारी बसले. वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. शांत झाल्यावर म्हणाले, "आम्हाला मूल नव्हतं, बाई. ती पोटात बाळ घेऊन त्याच्यावर झोपलीये. आता कसं उठवू तिला?"

"पण तुमची रीत?" मी विचारले.

"रीत मीच केली होती," ते म्हणाले. "मोडली पण मीच." खाली जाऊन त्यांनी उभी केलेली नवी गादी पसरली आणि त्यानंतर ते स्वतः तीच वापरू लागले.

कापूस शेवटी कापूसच. डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाच्या हाताने खरेच बरोबर ओळखले असेल का, हा प्रश्न माझ्या मनात येतो, आणि मी तो पुढे जाऊ देते. बाळ झाले, मुलगा. चाचा जमेल तसे वर जायचे, निमित्त गादीचे. बाळ त्याच गादीवर झोपलेले असायचे. चाचा हात न लावता दाराशी उभे राहायचे आणि परत यायचे. त्या घरात आजही कुणाला काही माहीत नाही. तुम्हाला सांगितले, ते तुमच्यापाशी ठेवा.

पुढच्या वर्षी रमजानच्या थोडे आधी चाचा गेले. झोपेतच गेले. गाळा रिकामा झाला, भिंतीवरची पिंजण कुणी नेली ते कळले नाही. पण त्यांची आठवण आली की मला तो दिवस दिसत नाही. दिसतो त्याच्या दोन-तीन महिने आधीचा, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी घर बदलले तो दिवस. त्यांनी ऑफिसच्या जवळ फ्लॅट घेतला होता. गल्लीत टेम्पो लागला, कपाटे चढली, फ्रिज चढला, आणि शेवटी दोघा हमालांनी ती गादी आणली.

दुकानातून चाचा ओरडले, "तिच्यावर काही ठेवू नको हां! सगळ्यात वर घे."

"चाचा, गादीच तर हाय," टेम्पोवाला म्हणाला.

"असू दे. वर घे."

त्याने खांदे उडवले आणि गादी सगळ्या सामानाच्या वर दोरीने बांधली. ती मुलगी बाळाला घेऊन पुढे बसली, चाचांना हात केला. टेम्पो गल्लीतून निघाला तसे चाचा गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि तो चौकात वळेपर्यंत उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेले.

"बाई, खराडी लांब आहे का हो?"

मी म्हणाले, "नाही चाचा. पुण्यातच आहे."

"पुण्यातच ना?" त्यांनी पुन्हा विचारले. मग हळूहळू खाली बसले. "मग ठीक आहे. पुण्याबाहेर तिला कधी करमलं नाही."