सातव्या भागात काहीच घडत नाही

मुलानं यवतमाळहून फोन करून बजावलं होतं, "आई, सातवा भाग पाहूच नको. डायरेक्ट आठवा लाव. सातव्यात काहीच होत नाही, लोकं नेटवर त्याले नुसत्या शिव्या देऊन राह्यले."

ही मालिका त्यानंच दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला टीव्हीवर लावून दिली होती. पृथ्वी सोडून निघालेलं एक भलंमोठं यान, त्यात जन्मणारी-मरणारी माणसं, आणि दर भागात कोणी ना कोणी त्यांच्या जिवावर उठलेलं. हिंदीत डब केलेली. मला आधी वाटलं, माय बाई, हे कुठलं खूळ! पण सहा भाग पाहून झाले आणि चटक लागली. त्यात मला कोणी 'नको पाहू' म्हटलं की ते पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी सातवाच लावला. आमचे हे बाजूला पलंगावर लवंडले होते. हे वणीजवळच्या कोळशाच्या खदानीत जमिनीखाली कामाला आहेत. बावीस वर्षं झाली.

तर सातव्या भागात होतं असं. यानाच्या बाहेरच्या अंगाला काहीतरी बिघडतं. एक मेकॅनिक दुरुस्तीला बाहेर जातो आणि त्याच्याशी बोलणं तुटतं. त्यानंतर पाऊण तास आपल्याला बाहेरचं काहीच दाखवत नाहीत. आत त्याची बायको असते. यानातल्या भाजीच्या वाफ्यांचं काम तिच्याकडे. ती पानं खुडते, डबे धुते, दाराकडे बघते, धुतलेले डबे पुन्हा धुते. कोणी काही विचारलं तर नीट उत्तर देते.

ती दुसऱ्यांदा डबे धुवायला लागली तेव्हा मी हातातली शेंगांची ताटली खाली ठेवली.

तेवढ्यात हे पलंगावरून म्हणाले, "काय बोगस हाय बे हे! मानूस तिकडे जीव धोक्यात घालून काम करून राह्यला, तो दाखवा ना. हिचे डबे कायले दाखवता?"

मी टीव्ही थांबवला.

"त्याचं काय पाहाचं हाय? त्याले माहीत हाय तो जिता हाय. हिले माहीत नाही."

हे हसले. "अवं, मी काय चंद्रावर जातो का? बावीस वर्षं झाले, रोज घरी येतोच ना?"

"येता ना. पन कवा? पाळी सुटते चारले. तुम्ही कधी पाचले येता, कधी सहाले. खाली फोन नेता येत नाही, ते समजलं. पन वर आल्यावर तर हातात असते ना तो? तो खिशात टाकता, आंघोळ करता, दोस्तांसंग गप्पा मारता. तवर मले काय माहीत, वर आले का नाही?"

माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचाही नव्हता.

"मागच्या पावसाळ्यात दोन तास उशिरा आले तुम्ही. हासत सांगतलं, बाजूले छत बसलं थोडं, कोनाले लागलं नाही. मी तुमाले गरम जेवाले वाढलं. त्याच्या आधी म्या तूरडाळ तीनदा निवडली होती. खडा नव्हता तिच्यात येकही."

आमच्या कॉलनीत डुटीवर निघालेल्या माणसाशी खदानीचं बोलत नाहीत. बाया आपसातही बोलत नाहीत. भीती तोंडाबाहेर काढली की खरी होते, असं मी इथे राहायला आले तेव्हा मला शेजारणीनं सांगितलं होतं आणि मी ते मुकाट्यानं पाळलं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. पण मी कधी सांगितलंच नाही, तर यांना कळणार कुठून?

हे उठून बसले. माझ्या हातातला रिमोट घेतला आणि तोच भाग सुरुवातीपासून लावला. पूर्ण पाहिला. शेवटी दार उघडतं, तो मेकॅनिक आत येतो, "भूख लगी है" म्हणतो आणि संपतं. यांनी टीव्ही बंद केला.

"मले मालूमच नव्हतं," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

मग मलाच वाईट वाटलं. इतकी वर्षं गिळलं ते आणखी थोडी वर्षं गिळलं असतं. आता हे ओझं घेऊन माणूस खाली उतरणार, आणि लक्ष नको तिकडे गेलं तर? स्वतःचीच चीड आली.

संध्याकाळी मी मोबाइलवर त्या भागाबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचत बसले. एकानं लिहिलं होतं, झोपेची गोळी. दुसरा म्हणे, माझा पाऊण तास परत द्या. मला राग नाही आला. त्यांच्या घरची माणसं वेळेवर येत असतील, अशीच येत राहोत बिचाऱ्यांची. आणि काहीच घडत नाही म्हणतात ते खरंच आहे. काही घडू नये म्हणूनच तर आम्ही बसलेल्या असतो. मला तो भाग सगळ्यांत जास्त आवडला. मुलाला तसं कळवलं तर त्यानं हसणारी तोंडं पाठवली.

सोमवारी सकाळी हे नेहमीसारखेच डबा घेऊन निघाले. मीही नेहमीसारखीच काही बोलले नाही.

चार वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. यांचं नाव पाहून मी आधी घड्याळाकडे पाहिलं. या वेळेला यांचा फोन कधी येत नाही.

"मी बोलून राह्यलो," हे म्हणाले. मागे नळाचा आणि माणसांचा गलका. "वर आलो."

"बरं."

लग्नाला चोवीस वर्षं झालेली, मुलगा कॉलेजात, आणि आम्ही नव्या नवरा-नवरीसारखे फोन धरून गप्प.

"सावकाश या," मी म्हटलं. असं मी त्यांना आजवर कधी म्हटलं नव्हतं.