रंभाबाईची काच

सुरतेच्या उधन्यात मगनभाईचं पिझाचं दुकान चाललं ते रंभाबाईच्या दोन तळहातांवर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं लोक भलतंच सांगत सुटले, आणि त्या भलत्याला काच बसवून वर ट्यूबलाइटसुद्धा लावली गेली.

रंभाबाई हिंगोलीकडची. नवरा नागनाथ लूमवर काम मिळतंय म्हणून सुरतेत आला, त्याच्यामागं ही आली, आणि नवागामातल्या एका खोलीत संसार मांडला. गल्लीत आठ-दहा घरं यांच्याच वाड्यातली, बौद्धांची. वीस वर्षं खडखडाट ऐकून नागनाथचे कान गेले. मग एक दिवस पट्ट्यात सापडून उजव्या हाताची तीन बोटं गेली, आणि शेठनं त्याला घरी बसवलं. लेक वृषाली तेव्हा बारावीत. म्हणून पंच्याण्णव साली रंभाबाई मगनभाईकडं भांडी घासायला लागली.

दुकान म्हणजे काय, एक शटर, आत विजेची भट्टी, बाहेर चार उंच स्टुलं. अख्खा पिझा परवडत नाही त्याला एक पीस मिळायचा, कागदावर. कॉलेजची पोरं स्कूटरवर बसूनच खायची. पण पिझाचे बेस यायचे बेकरीतून, बोटभर जाड, आणि सुरतेचा माणूस खाण्याच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही. "मगनभाई, आ पिझा छे के पाव?" असं तोंडावर विचारून लोक डाळीचा लोचो विकणाऱ्या समोरच्या गाडीकडं वळायचे. मगनभाई नुसता हसायचा.

एक दिवस बेकरीचा टेम्पोच आला नाही. मगनभाई डोक्याला हात लावून बसला. रंभाबाई मोरीतून म्हणाली, "भाई, मैदा है ना? फिर रोते कायको?"

तिनं मैदा दह्यात भिजवला, ओल्या फडक्याखाली झाकला. तासाभरानं ओट्यावर गोळा ठेवून भाकरी थापतात तसा थापायला घेतला. मगनभाईनं लाटणं पुढं केलं तर म्हणाली, "त्यानं मरतंय ते. हातानं जीव ऱ्हातो." ज्वारीच्या पिठाला ज्या हातांनी चाळीस वर्षं वळण लावलं, त्या हातांपुढं मैद्याची काय टाप! मधे पापडासारखा पातळ, कडेला जरासा जाड, भट्टीतून निघाला तो कुरकुरीत. मगनभाईनं एक पीस खाल्ला, मग दुसरा खाल्ला. मग गिऱ्हाइकाला द्यायला उरेल की नाही, अशी वेळ आली.

आठ दिवसांत स्कूटरी रस्त्यापर्यंत लागल्या. "रंभाबेन, तमारा हाथमां तो जादू छे!" मगनभाई दिवसातून चारदा म्हणायचा. भांड्यांना दुसरी बाई आली आणि रंभाबाई मोरीतून ओट्यावर आली.

मार्चमध्ये त्याच्या डोक्यात काच शिरली. मुंबईला कुठंतरी बघून आला होता. पुढच्या बाजूला मोठी काच लावायची, आत ओटा, बाई आतून थापते आणि लोक बाहेरून बघतात. "सगळे बोलसे, आ रंभाबेनचा पिझा!" तो म्हणाला. त्याला मराठी इतपतच यायचं, पण तेवढं पुरलं. रंभाबाईनं ते वाक्य पदराला बांधून घरी नेलं.

हसू नका. या बाईनं आयुष्यभर खाली मान घालून काम केलं होतं. खुरपलं ते दुसऱ्याचं रान, विटा वाहिल्या त्या दुसऱ्याच्या माडीला, घासली ती दुसऱ्याची उष्टी भांडी. हे अमकीच्या हातचं आहे, असं कुणी कधी चुकूनसुद्धा म्हणालं नव्हतं. आता लोक उभे राहून बघणार होते आणि नाव घेणार होते. तिला तेवढंच हवं होतं. पगार वाढव, असं तिनं मगनभाईला एकदाही म्हटलं नाही.

"काच लागली की तुझ्या मैत्रिणींना घेऊन ये," तिनं वृषालीला सांगितलं.

वृषालीचे डोळे चमकले. शाळेत ही पोरगी आई काय करते विचारलं की "घरीच असते" म्हणून मोकळी व्हायची. आता मात्र कॉलेजात जाणार, नव्या मैत्रिणी मिळणार, आणि त्यांना सांगायला आई पिझा बनवते! नागनाथला ऐकू येत नसे, त्याला हातवारे करून समजावलं. त्या दिवसापासून तो रोज विचारायला लागला, "काच लागली का गं?" बहिरी माणसं ओरडून बोलतात, तसा ओरडून. अख्ख्या गल्लीला काच पाठ झाली.

मग चौदा एप्रिल आली. आता इथं रंभाबाई चुकली, असं म्हणणारे शहाणे निघतीलच. काय चुकली हो? गल्लीत निळे झेंडे लागले होते, सकाळी वंदना झाली होती, बाईच्या अंगावर पांढरं लुगडं होतं. आपल्या घरचा एवढा मोठा सण, आणि ज्याच्याकडं दिवस काढतो त्याचं तोंड गोड करायचं नाही? तिनं स्टीलच्या डब्यातून पेढे नेले.

मगनभाईनं अख्खा पेढा तोंडात टाकला. "शेनी खुशाली, रंभाबेन?"

"बाबासाहेबांची जयंती आज! जय भीम, भाई!"

मगनभाईचा जबडा मधेच थांबला. सुरतेत हिंगोलीचा काय अन् धुळ्याचा काय, सगळे एकजात 'मराठी'. त्याच्यापलीकडं त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि हिनं कधी लपवलं नव्हतं. आता पेढा थुंकावा तर ही समोर हसत उभी. शेवटी गिळला एकदाचा, वर दोन ग्लास पाणी प्यायला. "सारु, सारु," म्हणाला आणि गल्ल्यावर जाऊन बसला.

भांडण नाही, शिवी नाही, काही नाही. आठ दिवसांनी ओट्यापुढं एक पडदा आला. "तमने गरमी लागे, एटले," मगनभाई म्हणाला. भट्टीजवळ पडदा लावला की गारवा होतो, हे शास्त्र त्यालाच ठाऊक. तिचा चहा दांडा तुटलेल्या कपात यायला लागला आणि तो कप खिडकीत वेगळा राहायला लागला. रंभाबाईला दांडा तुटलेला कप वाचता येत होता. तिच्या गावात तो लहानपणीच शिकवायचे.

तिला काढून टाकायची मात्र त्याची छाती झाली नाही. दोन दिवस बेकरीचे बेस मागवून बघितले. लोकांनी अर्धे पीस तसेच टाकले आणि 'पेलो पातळो क्यां गयो' म्हणून विचारलं. तेव्हा मगनभाईनं मनाशी ठरवलं, हात ठेवायचे, बाई झाकायची. रंभाबाईच्याही हे ध्यानात आलं होतं. तरी तिची आशा मेली नव्हती. काच यायचीच होती अजून, आणि काच आली की पडदा कसा राहील? ती वृषालीला काही बोलली नाही.

काच ऑगस्टात आली. ज्या दिवशी बसायची होती त्या दिवशी तिनं ठेवणीतलं हिरव्या काठाचं लुगडं नेसलं, हात सकाळी तेल लावून धुतले. वृषालीला सांगितलं, "पाच वाजता या. तवा गर्दी असती." वृषालीनं तीन मैत्रिणी आधीच ठरवून ठेवल्या होत्या.

दुकानापाशी नारळ फुटला होता. काच लखलखत होती. आणि काचेच्या आत एक माणूस उभा होता, धोतर नेसलेला, उघड्या छातीवर जानवं, कपाळाला गंध. लग्नातल्या जेवणावळी करणारा कुणी महाराज. वर नवी पाटी, पाटीवर ट्यूबलाइट. रंभाबाईला गुजराती वाचता येत नव्हतं, पण मगनभाई येईल त्याला स्वतःच वाचून दाखवत होता, "महाराजना हाथनो पातळो पिझा!"

"तमे पाछळ," तो पडद्याकडं बोट करून म्हणाला, तिच्याकडं न बघता.

महाराज बिचारा वाईट नव्हता, पोटासाठी उभा होता. त्याचा पहिला बेस तीनदा फाटला. चौथ्यांदा फाटला तेव्हा तो हळूच पडद्याशी आला आणि म्हणाला, "बेन, तमे ज करो." मग तसंच ठरलं. ही पडद्याआड थापायची, ताटातून पुढं सरकवायची. तो काचेत उभा राहून हवेत जरासा फिरवायचा, सॉस लावायचा आणि लोक वा वा करायचे.

पीठ त्या मगनच्या तोंडावर मारावं आणि चालू पडावं, असं तिला वाटलं नाही? शंभरदा वाटलं. पण घरात दोन बोटांचा हात घेऊन बसलेला माणूस होता, पोरीचं कॉलेज होतं. आणि पाच वाजता पोरगी येणार होती. निरोप धाडायचा तर कुणाकडून? ती घड्याळ बघत थापत राहिली. एकदा तिला असंही वाटून गेलं की बरंच आहे, पोरगी येईल, विचारेल, माझी आई कुठंय. चार लोकांत विचारेल. मग आपण बाहेर जाऊ, पिठाच्या हातांनी. मग काय व्हायचं ते होऊ दे.

पाचला चौघी आल्या. पडद्याच्या फटीतून रंभाबाईला वृषालीचा नवा पंजाबी ड्रेस दिसला. तिनं हातातला गोळा खाली ठेवला.

काचेपाशी जाऊन एक मैत्रीण खो खो हसली. "तुं तो केती'ती, तारी मम्मी बनावे छे! आ धोतीवाळी तारी मम्मी छे?"

बाकीच्या दोघी हसल्या. गल्ल्यावरून मगनभाईनं मान वर केली. वृषालीनं काच बघितली, पाटी वाचली, मग तिची नजर पडद्याकडं गेली आणि खालच्या फटीत हिरव्या काठावर थांबली. तिनं ते लुगडं ओळखलं. सकाळी निऱ्या तिनंच धरल्या होत्या.

रंभाबाई पडद्याला हात लावून उभी राहिली. एक हाक, बस. पोरीनं एक हाक मारावी.

"अरे, गप मारी'ती, यार," वृषाली म्हणाली आणि हसली. "चार पीस आपो, भाई."

गप मारी'ती. आपल्या भाषेत, थाप मारली होती.

चार पीस गेले ते रंभाबाईनंच थापलेले. "बहु सरस छे महाराजनो हाथ," कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं ते तिनं बघितलं नाही. तिनं खाली ठेवलेला गोळा परत उचलला, कारण बाहेर आणखी सात माणसं उभी होती.

घरी आली तेव्हा वृषाली कोपऱ्यात बसलेली, डोळे सुजलेले. रंभाबाईनं चूल पेटवली, परात ओढली आणि ज्वारीचं पीठ मळायला घेतलं.

"आई, त्या हसल्या असत्या गं," वृषाली म्हणाली. "आणि तो मगनभाई बघत होता. म्हणून मी म्हटलं, थाप मारली होती."

"थापा मीच मारते, बाई," रंभाबाई म्हणाली. "दिवसभर. तू कशाला तरास घेतेस?"

वृषालीनं गुडघ्यात तोंड घातलं. रंभाबाईला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक थोबाडीत द्यावीशीही वाटली. हात पिठाचे होते, म्हणून दोन्ही राहिलं.

नागनाथ बाहेरून आत आला. त्याला या दोघींचं काही ऐकू आलेलं नव्हतं. पण बायकोच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं बघून त्याचं तोंड फुललं.

"काच लागली का गं?" तो ओरडला.

रंभाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. त्याच्याकडं वळली, त्याला कळावं म्हणून मान हलवली आणि मोठ्यानं म्हणाली, "लागली. चांगलीच लागली."

"मंग उद्या मीबी येतो बघायला," नागनाथ म्हणाला, आणि जयंतीचा पांढरा शर्ट पेटीतून काढून ठेव म्हणून लेकीच्या मागं लागला.

वृषाली उठली आणि तिनं शर्ट काढून ठेवला.