आण्णांची रोजची चावी

या, अशा जवळ सरकून बसा, म्हणजे मला ओरडून बोलावं लागणार नाही. आणि थोडं रागवून घेऊ द्या. गाडी चालू झाली नाही की तुम्ही सगळे "बॅटरी मेली" म्हणून मोकळे होता. अहो, मेली की कुणी मारली, हे कोण विचारणार? मीसुद्धा दोनदा विचारलं नव्हतं, म्हणून तर हे सांगते.

कुंडलला आमचं बॅटरीचं दुकान आहे. आमचे हे होते तोवर मी नुसती डिस्टिल्ड वॉटर भरायची. ते गेल्यावर विचारत, चुकत, हात पोळून घेत बाकीचं शिकले. गावात मला सगळे चाची म्हणतात.

त्या सोमवारी विकास आला. फौजेत आहे, सुट्टीवर आलेला. हातात बॅटरी, तोंड उतरलेलं. दीड वर्षात ही दुसरी मेलेली, आणि दोन्ही माझ्याच दुकानातल्या. पहिली गेली तेव्हा मी नवी बसवून दिली. ही सात महिन्यांत गेली.

"चाची, आता ट्रॅक्टरची द्या. मोठी. एकदाच काय ते हुंदे."

मी बॅटरी चार्जिंगला लावली आणि दुसऱ्या दिवशी लोड टेस्टरवर घेतली. हे यंत्र बॅटरीवर गाडीच्या सेल्फएवढा भार टाकतं. चांगली बॅटरी तो सोसते. ही लगेच बसली. बॅटरी वरचेवर पुरती रिकामी होत राहिली की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो, मग ती चार्ज घेतल्यासारखं दाखवते आणि धरत मात्र नाही. म्हणजे बदलायची होतीच. पण मी म्हटलं, कारण सापडल्याशिवाय नवी देणार नाही.

विकास खवळला. त्याचंही खरं होतं. गुरुवारी त्याला परत निघायचं होतं, सुट्टी वाढत नव्हती. बायको कोमलचे दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण सिझेरियनचं, त्यामुळे डॉक्टरांनी बजावलं होतं, जरा काही वाटलं की थेट सांगली गाठायची. शेजारचा रमेश गाडी चालवायला तयार होता. पण गाडी चालू तर झाली पाहिजे.

"मी तिकडं बर्फात बसून काय करू, सांगा," तो म्हणाला.

मग मी दुकानातली एक चार्ज केलेली बॅटरी आणि मीटर घेऊन त्याच्याबरोबर घरी गेले. बॅटरी तात्पुरती जोडली आणि गाडी चालू करून अल्टरनेटर तपासला. इंजिन फिरताना बॅटरी भरतो तो अल्टरनेटर. मीटरवर चौदा पॉइंट दोन व्होल्ट, म्हणजे उत्तम. मग गाडी बंद करून, कुठं चोरून करंट जातोय का ते बघितलं. घड्याळ आणि लॉकपुरता जातो तेवढाच. सगळं ठीक. माझंच डोकं चालेना.

विकास परत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर आला. मी त्याला समजावलं. एक तर गाडीतला ट्रे ठरलेल्या मापाचा असतो. मोठी बॅटरी कशीबशी ठेवली तरी तिला आवळून धरणारी वरची पट्टी बसत नाही, आणि हलणारी बॅटरी आतून मोडते. अधिक-उण्याची टोकंही उलट्या बाजूला आली तर वायरी पोचत नाहीत. आणि खालून तोटी उघडी असेल तर हंडा मोठा आणून काय होणार, रिकामा व्हायला चार दिवस जास्त लागतील, एवढंच.

मग सहज विचारलं, तू नसताना गाडी वापरतं कोण? कुणीच नाही म्हणाला. दारातनं कोमल हळूच बोलली, "आण्णा रोज चालू करत्यात की."

आण्णा म्हणजे विकासचे वडील. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आयुष्य गेलेलं. गाडी चालवता येत नाही, पण पोरगा सांगून गेलाय, रोज चालू करून बघा, म्हणून सकाळची आंघोळ झाली की चावी घेऊन गाडीत बसायचे. मधेच बॅटरी बसली, तर रमेशकडून रात्रभर चार्जरला लावून घ्यायचे. एक दिवस चुकवला नाही, असं ते मला छाती काढून सांगत होते.

मला वाईट वाटायला लागलं. तोंडावर कसं सांगायचं? म्हणून मी क्लॅम्प मीटर काढला. हा बॅटरीच्या वायरीला चिमट्यासारखा अडकवायचा. करंट बॅटरीत जात असला की आकडा अधिक दाखवतो, बाहेर पडत असला की उणा. आण्णांना म्हटलं, तुम्ही आकडे वाचायला पक्के, इथं बॉनेटपाशी उभं राहून वाचा. रोज काय काय करता ते विकासला सांगा, तो आत बसून करेल.

विकासनं सेल्फ मारला. इंजिन फिरायला लागल्यावर आण्णा मोठ्यानं म्हणाले, "अधिक नऊ." दोन मिनिटांनी त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, डिझेल कशाला जाळायचं म्हणून. पण चावी चालूच. मग दिवे. वायपर. चारी काचा खाली आणि वर. शेवटी ब्लोअर, गादीला कुबट वास लागू नये म्हणून पंधरा मिनिटं.

"उणं चौदा," आण्णा म्हणाले. थोड्या वेळानं परत, "उणं चौदाच."

दोन मिनिटं नऊ आत, पंधरा मिनिटं चौदा बाहेर, आणि हे रोज. काट्यावरच्या माणसाला काय समजवायचं? ते मीटरकडं बघत राहिले. मग म्हणाले, "विकास, बंद कर ती." आणि माझ्याकडं वळून, "भाभी, दोन्ही बॅटऱ्या मीच मारल्या व्हय?"

मी काही म्हणायच्या आत विकास गाडीतनं उतरला. "आण्णा, चालू करा म्हणून मीच सांगिटलं हुतं. पुढचं मला तरी कुटं ठावं हुतं?"

मी म्हटलं, माझ्या दुकानात दोनदा आलात, मीही विचारलं नाही. तिघांनी मिळून मारल्या म्हणा.

नवी बॅटरी गाडीबरोबर आलेल्या मापाचीच दिली. तुम्हीही घ्याल तेव्हा तीन गोष्टी बघा: माप तेच, टोकं त्याच बाजूला, आणि छापलेली तारीख ताजी. दुकानात महिनोन्‌महिने पडलेली बॅटरी नवी असूनही दमलेली असते. बसवायच्या आधी समोर मीटर लावायला सांगा. दुकानदार लाजला तर त्याचं तो बघेल.

बंदोबस्त असा ठरला, की रोजची चावी बंद. रविवारी रमेशनं पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणायची, आण्णा शेजारी बसणार. नुसती उभी राहिली तरी चांगली बॅटरी दोन-तीन आठवडे दम धरते.

विकास गुरुवारी गेला. शुक्रवारी आण्णा दुकानात हजर.

"भाभी, हात लय शिवशिवत्यात. एकडाव बगू का?"

पोरानं सोपवलेलं एकच काम, तेही आपण काढून घेतलं की, असं मला झालं. मी त्यांना एक साधा मीटर दिला. चावी लावायची नाही, बॉनेट उघडून दोन टोकांना दोन पिना टेकवायच्या आणि आकडा बघायचा, साडेबाराच्या वर असला की बॅटरी भरलेली. बॅटरीचं त्यात काही जात नाही. वजन करायला मिळालं म्हटल्यावर आण्णा खूश.

पुढच्या बुधवारी दुपारी त्यांचा सांगलीहून फोन. "भाभी, निघताना बारा पॉइंट सहा हुती. पयल्या सेल्फला चालू झाली."

"आवं आण्णा, कोमलचं काय?"

"आं? व्हय व्हय, नात झाली. दोगी बऱ्या हायत."

तेव्हापासून कुणीही मेलेली बॅटरी घेऊन आलं की मी आधी विचारते, तुम्ही नसताना गाडीची काळजी कोण घेतं? बऱ्याच वेळा आजार तिथंच सापडतो.

बरं, आता उठते. तुम्ही या ना एकदा कुंडलला. दुकान दिवसभर उघडं असतं, चहा होतोच. गाडी बंद पडायची वाट बघू नका, चांगली चालू असतानाच या.